काचेवर टेकवलेला परकार

मी बोलतोय, संगणकाचा कारभारी. शिकलेली माणसं मला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एकेकाळी जिथे टेबल तिथे मी, असा माझा थाट होता. मी 'थांबा' म्हटलं की मोठमोठे साहेबसुद्धा हाताची घडी घालून बसायचे. मग टॅबलेट आले, त्यांचे निराळे कारभारी आले, आणि लोकांनी माझी ओळखच टाकली.

या फर्निचरच्या कारखान्यात मला आणलं ते पट्टीताईंसाठी. ताई खुर्च्या-कपाटांचे नकाशे काढायच्या. हे नाव त्यांना सुतारांनीच दिलेलं. सांध्यांचे भाग त्या खऱ्या मापात काढत आणि कागदावर छापून देत. आकडे लिहीत नसत, कारण थोरल्या मिस्त्रींचा आकड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. ते कागदावर परकार टेकवायचे आणि तेच माप जसंच्या तसं लाकडावर न्यायचे. इतक्या वर्षांत एकही खुर्ची कुरकुरत परत आली नाही.

पुढे मालकांच्या लेकीने कारभार हाती घेतला. तिने सगळ्यांना टॅबलेट दिले, प्रिंटर विकून टाकला आणि मला कोपऱ्यात सरकवलं.

"कागदाचा पसारा हवाय कशाला? बोटांनी हवं तेवढं मोठं करून बघा," ती मिस्त्रींना म्हणाली.

मिस्त्रींनी ऐकलं. डोळ्यांना नीट दिसेल इतका एकेक भाग कमी-जास्त मोठा केला, काचेवर परकार टेकवला आणि लाकूड कापलं. शाळेच्या वाचनालयासाठी खुर्च्या करायच्या होत्या. एकाही खुर्चीचा पाय खाचेत बसेना. सगळं लाकूड वाया गेलं.

लेकीने ताईंना बोलावलं. "तुमचा नकाशाच चुकलाय."

"नकाशा बरोबर आहे गं. जुन्या संगणकावर उघडून तरी बघ."

"त्या खटाऱ्यावर काढलाय, मग चुकणारच. ताई, तुम्ही आता घरी आराम करा."

ताईंच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. लेकीला हे चांगलं ठाऊक होतं. लहानपणी ती ताईंच्याच टेबलाखाली खेळलेली. माझा जळफळाट झाला. पण मला कोणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

ताई गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. नकाशा उघडून एकेक माप तपासलं. मग मिस्त्रींना हाक मारली.

"तुम्ही मापं घेतलीत कुठून?"

"काचेवरून. तुम्हीच म्हणालात ना, मोठं करून बघा."

तिने फोन उचलला, तेव्हा मला वाटलं, आता ही ताईंना परत बोलावणार. तिने तो खाली ठेवला. ताई चुकल्या नाहीत म्हटलं, तर चूक टॅबलेट आणणारीची ठरत होती.

"जा तुम्ही," ती मिस्त्रींना म्हणाली, "आणि हे बाहेर बोलू नका."

मग तिने मला नकाशांसकट पुसायचा हुकूम सोडला. मी माझ्या रिवाजाप्रमाणे विचारलं, नक्की पुसायचं? सवयीने तिने पडद्यावरच्या 'हो'वर बोट टेकवलं. माझ्या पडद्याला स्पर्श कळत नाही. विचार बदलायला तेवढी उसंत तिला मिळाली होती. तिने माउस शोधून काढला.

पुसणं अजून चालू आहे, म्हणून एवढं बोलता येतंय. माझं जाऊ द्या. माझ्या जागी दुसरा येईल. पण पट्टीताई कुठे भेटल्या तर त्यांना सांगा, नकाशा बरोबर होता. मिस्त्री सांगणार नाहीत. त्यांनाही घर चालवायचंय.