कोरा रकाना

कीर्तिने आलेलं उत्तर दोनदा वाचलं आणि लॅपटॉप आईकडे फिरवला.

"अम्मा, हे विजयराघव कोण, म्हणून विचारतांत."

"माझे साहेब." त्रिपुरसुंदरी गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने मान वर केली नाही.

"तें मज ठाऊक आहे गे! त्यांचं नांव तूं कां घातलंस? काम तर तूं केलंस."

"मग कोणाचं घालायाचं?" त्रिपुरसुंदरीने मनापासून विचारलं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या जानकीरामना हसू आवरेना. बायकोचा हा भाबडेपणा ते गेली तीस वर्षं पाहत आले होते.

भाबडेपणा कसला, सवय. घरात तंजावरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी ही बाई; कुंभकोणमहून रोज बस धरून आडुतुरैच्या रस्त्यावरच्या एका बियाणे चाचणी केंद्रात ती एकतीस वर्षं जात होती. कुठल्या प्लॉटात किती भात निघालं ते आधी वहीत लिहायचं आणि मग कॉम्प्युटरवर चढवायचं, हे तिचं काम. अहवाल तयार झाला की खाली सही साहेबांची. साहेब चार बदलले, रीत बदलली नाही. तिथे तिला कुणी पूर्ण नावाने हाकही मारत नसे. एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला? सगळ्यांची ती 'सुंदरीअम्मा'.

सहा वर्षांपूर्वी केंद्रात हेरॉन आली. हेरॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. ती मोफत मिळते, तिला मालक नाही, आणि ती बिघडली तर जगातल्या कुणीही दुरुस्त करावी असा तिचा कारभार. साहेबांना वेळ नव्हता आणि बाकीच्यांना धीर नव्हता, म्हणून त्रिपुरसुंदरी ती शिकली. आणि तिलाच त्यातली चूक सापडली.

पापनाशम् बाजूचे काही प्लॉट दोन वर्षं पुरात बुडाले होते. तसल्या प्लॉटाचा रकाना ती कोरा ठेवायची. शून्य कधीच घालायची नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. कोरं म्हणजे मोजायला मिळालंच नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हेरॉन मात्र सरासरी काढताना कोऱ्यालाही शून्यच धरत होती. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "यंत्र चुकत नाही, सुंदरीअम्मा." आणि अहवाल तसेच गेले.

तिला काही ते पचेना. कीर्ति चेन्नईच्या कंपनीचं काम घरूनच करायची. तिने आईला हेरॉनच्या साइटवरचं नवख्यांसाठीचं पान उघडून दिलं. तिथे लिहिलं होतं, लहान कामापासून सुरुवात करा. चूक आधी इतक्या थोडक्यात दाखवा की कुणालाही ती दिसावी. ती पकडणारी चाचणी लिहा आणि मग दुरुस्तीला हात घाला. अडलात तर विचारा, इथे कुणी हसणार नाही.

त्रिपुरसुंदरीने काय करावं? 'महोदय, सदर चूक दुरुस्त करण्यास परवानगी मिळावी' असा दोन पानी अर्ज लिहिला आणि आठ दिवस हाताची घडी घालून बसली. वरून हुकूम आल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, हे हाडीमाशी मुरलेलं. शेवटी मार्टा नावाच्या पोलंडच्या बाईचं उत्तर आलं, 'परवानगी कसली? करा ना!'

मग तिने केलं. चार प्लॉट घेतले: चाळीस, बेचाळीस, कोरा, चव्वेचाळीस. सरासरी बेचाळीस यायला हवी. हेरॉन साडेएकतीस सांगत होती. चूक दाखवायला एवढं पुरे झालं. दुरुस्ती फक्त दोन ओळींची, पण त्या दोन ओळींना पाच रविवार लागले. मार्टाने दोनदा परत पाठवलं आणि दोन्ही वेळा का ते नीट समजावलं. आज तिसऱ्यांदा परत आलं होतं, ते या नावापायी.

"हें पाहा," कीर्ति म्हणाली. "बाकी काम अस्की बेष आहे म्हणतांत. पण खाली 'हें काम माझं आहे' असं जो लिहितो, त्यानेच तें केलेलं असलं पाहिजे. नाहींतर घेत नाहींत."

"उद्यां साहेबांस विचारून सांगतें," त्रिपुरसुंदरी म्हणाली, आणि कीर्तिने कपाळाला हात लावला.

विजयराघव माणूस वाईट नव्हता. कीर्तिच्या लहानपणी, ते अजून साहेब झाले नव्हते तेव्हा, तिला ताप चढला तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये प्रेमानेच म्हणाले, "राहू द्या की माझंच नाव. केंद्राचंच काम ना शेवटी? पुढच्या महिन्यात कोइमतूरला माझं भाषण आहे, तिथे सांगता येईल."

"सरि, सार," ती म्हणाली. म्हणजे, बरं साहेब.

बसमध्ये बसल्यावर तिला रडू आलं. साहेबांनी मागितलं याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. आपल्या तोंडून 'सरि' इतक्या चटकन निघालं, याचं वाटलं. पाचांतले चार रविवार तर तिने घरी डाळही शिजवली नव्हती, बाप-लेकीने हॉटेलच्या इडल्या खाल्ल्या होत्या. केंद्राचं काम कुठून झालं ते?

घरी आल्यावर पदर खोचून ती सरळ लॅपटॉपसमोर बसली.

"काय जालं? साहेब काय म्हणाले?" जानकीरामनी विचारलं.

"त्यांचंच नांव राहूं दे, म्हणाले."

"मग?"

"एकतीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिलेला नाहीं. आतां 'हें काम विजयराघवांचं' म्हणून लिहूं?" तिचा आवाज चढला होता. "कीर्ति, इकडे ये. नांव कोठें बदलायाचं तें दाखव."

कीर्तिने दाखवलं. त्रिपुरसुंदरीने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, आपलं नाव लिहिलं. संपेपर्यंत जानकीराम चष्मा पुसत मागे उभे होते. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, "सार, तिथे खोटं चालत नाही. मी माझं नाव घातलं." ते "हं" म्हणाले आणि फाइल उघडून बसले. कोइमतूरच्या भाषणात तिचा उल्लेख नव्हता. दोन महिन्यांनी ती निवृत्त झाली, तेव्हा शाल आणि नारळ देताना ते 'आमच्या सुंदरीअम्मा'बद्दल चांगलंच बोलले.

पावसाळ्यानंतर एका सकाळी त्यांचा फोन आला.

"सुंदरीअम्मा, हेरॉनची नवी आवृत्ती घातली आणि पुराच्या दोन्ही वर्षांच्या सरासऱ्या बदलल्या हो! माझ्या सहीचे अहवाल आहेत ते. कुणी केलं हे? विचारायचं कुणाला?"

"नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी येते, सार. प्रत्येक दुरुस्तीखाली करणाऱ्याचं नाव असतं. त्यांनाच विचारायचं."

"थांबा, उघडतो... हां. सरासरी काढताना कोरे रकाने वगळले. करणाऱ्याचं नाव..." ते अडखळत, जोडून जोडून वाचू लागले. "त्रि... पुर... सुंदरी. त्रिपुरसुंदरी जानकीराम."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज येऊ लागला. जानकीरामनी पेपर खाली ठेवला होता. तिने खुणेने त्यांच्याकडून वही मागून घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला, सार," ती म्हणाली. "कुठला प्लॉट?"