पाचोऱ्यातली डावी बाजू

मी बटणांचं कपाट बोलतोय. अर्धं कपाट म्हणा हवं तर, कारण माझी डावी बाजू तेवढी इथं पाचोऱ्यात आहे. उजवी धुळ्याला गेली, त्याला चोवीस वर्षं झाली.

मला नशिराबादच्या निंबा मिस्तरीनं घडवलं, एका जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांतून. नथ्थू आणि प्रेमराज या सख्ख्या भावांचं बाजारपेठेत शिवणाचं दुकान होतं आणि दोघांनाही बटणं जमवायचा नाद होता. कुठं जुनं दुकान बंद पडतंय असं कळलं की दोघांपैकी एक जण पिशवी घेऊन निघायचा. शिंपल्याची बटणं, शिंगाची, पितळी, काचेची, लाकडी. ती सगळी आधी बिस्किटांच्या डब्यांत असायची आणि एक शोधायला सगळा डबा जाजमावर ओतावा लागायचा. म्हणून निंबानं मला चव्वेचाळीस छोटे खण दिले, बावीस डावीकडे, बावीस उजवीकडे. खणात जे बटण, त्याचा एक नमुना बाहेर तारेनं बांधलेला. गिऱ्हाइकाला मी नुसता बघूनच समजायचो.

भावांचं भांडण व्हायचं ते मला लावण्यावरून. नथ्थूला बटणं भोकांप्रमाणे लावायची असत, दोन भोकांची इथं, चार भोकांची तिथं. प्रेमराजला रंगाप्रमाणे. थोरला नथ्थू जेवायला गेला की धाकटा प्रेमराज खण बदलायचा. थोरला परत आला की पहिल्यासारखे करायचा, आणि मग दोघं हसायचे.

गिऱ्हाइकं फार बघितली मी. शर्टाचं बटण तुटलं की माणसं तो शर्ट अंगात घालूनच यायची आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून उभी राहायची, जणू तिथं दुखतंय. बाया तुटलेलं बटण पदराच्या गाठीत बांधून आणायच्या. जुळणारं बटण सापडलं की सगळ्यांचा चेहरा सारखाच व्हायचा. तो चेहरा बघायला मला आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात नथ्थू रावेरला लग्नाला गेला. चार दिवसांनी परतला तर दुकानाच्या दारात तयार पँटींची रांग टांगलेली. प्रेमराज म्हणाला, "लोकं आता शिवत नाहीत, भाऊ. आयतं घेतात." नथ्थूनं एकेक पँट काढली आणि भर बाजारात रस्त्यावर नेऊन टाकली. गिऱ्हाइकं बघत होती.

"आपन शिवनारा मानसं," तो ओरडला. "आयतं इकनं व्हई त रस्तावर बस!"

प्रेमराजनं खाली वाकून सगळ्या पँटी गोळा केल्या, झटकल्या, घडी घातल्या. मग म्हणाला, "मंग मना हिस्सा दी टाक."

मशीनं वाटली, कात्र्या वाटल्या. माझ्यापाशी येऊन दोघं थांबले. सोडायला कोणीच तयार नव्हतं. "कापी टाका," नथ्थू म्हणाला.

निंबाला बोलावलं. तो माझ्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. "मना हातथीन व्हवाव नही," म्हणाला. उठून दारापर्यंत गेला आणि माघारी आला. "मी नही कापं तर दुसरा कोनी कापी, आन् फळी फाडी टाकी." मग त्यानं करवत काढली. करवत चालू असताना दोघं भाऊ बटणं वाटत होते, एक खण तुझा, एक माझा. एकमेकांकडे बघत नव्हते. माझ्या उघड्या पडलेल्या अंगावर निंबानं प्लायवूडचा तुकडा ठोकला. रंग जुळत नव्हता. त्याचा त्याला फार त्रास झाला, हे मला त्याच्या हातावरून कळलं.

उजवी बाजू टेंपोत चढली. प्रेमराज, त्याची बायको आणि कडेवरची लहान पोर धुळ्याला गेली.

पुढची वर्षं काय सांगू? नथ्थूची बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो मशीनवर बसायचा आणि मी त्याच्या पाठीशी. पहिली दोन-तीन वर्षं गिऱ्हाइकानं बटण दाखवलं की त्याचा हात सवयीनं उजवीकडे जायचा आणि प्लायवूडला लागायचा. तिथंच थांबायचा थोडा वेळ. "नही शे," एवढंच तो म्हणायचा. कुठं मिळेल ते माहीत असूनही सांगायचा नाही. पुढं हात जाणंही बंद झालं. मग गिऱ्हाइकंही कमी झाली. काही दिवस तर असे गेले, की माझा एकही खण उघडला नाही. खण उघडले नाहीत की लाकूड फुगतं. मी फुगलो.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक मुलगी आली. पंचवीसेक वर्षांची, खांद्याला पर्स. तिनं पिशवीतून एक तपकिरी कोट काढून मशीनवर पसरला. शिलाई इतकी सुरेख होती, की नथ्थूनं आधी चष्मा लावला. कोटाला काजं होती, बटणं नव्हती.

"पिवळी रेघ असलेलं शिंगाचं बटण पाहिजे. तीन," ती म्हणाली. "धुळ्यात सगळी दुकानं झाली."

नथ्थूनं कोटाच्या कॉलरची आतली बाजू उलटली. तिथली ओळखीची टीप तो बघत राहिला. "कोनी लेक शे तू?"

"मोठे आबा, मी दिपमाला."

अख्ख्या जगात त्याला 'मोठे आबा' म्हणू शकणारी एकच मुलगी होती. कडेवर बसून गेलेली ती हीच.

तिनं सगळं उभ्यानंच सांगितलं. प्रेमराजनं हा कोट तिच्या लग्नात स्वतः घालायला शिवला होता, बटणं मात्र लावली नाहीत. मग त्याला लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. "पिवळ्या रेघेचं शिंगाचं लावायचं, एवढं आधी म्हणाले होते. आता कुठलंही बटण दाखवलं तर मान हलवतात. एकच शब्द नीट येतो, पाचोरा."

"लगीन कवय शे?"

"परवा."

नथ्थू माझ्याकडे आला. खालून तिसऱ्या रांगेतला खण फुगून बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. मीही माझ्या परीनं सुटायला बघत होतो. खण निघाला. त्यानं तीन बटणं कागदात बांधली आणि तिच्या हातात ठेवली. ती पाया पडून निघाली, पायरी उतरली.

"थांब," नथ्थू म्हणाला. "लावी कोन?"

"मी लावेन."

"तुले नही जमाव. कोटले बटन असं तसं नही लावतस."

त्यानं सुई-दोरा खिशात घातला, शटर ओढलं. मला बसचा आवाज ऐकू येत नाही, पण त्या दोघांची पावलं बसस्टँडच्या दिशेनं गेलेली ऐकली.

नवव्या दिवशी तो परत आला. शेजारची बांगड्यांवाली सुनंदाबाई धावत आली. "मंग? घाला का कोट त्यानी?"

"घाला. तिन्ही बटनं लाईसन."

"बोलना का काही?"

"मना हात धरी ठेवा त्यानी. सोडेच ना." नथ्थू खाली बघत म्हणाला. "मी आते तठेच ऱ्हासू."

आता तो भावापाशीच राहणार होता. त्यानं कापडी पिशव्या काढल्या आणि माझे बावीस खण एकेक करून रिकामे केले. बाहेरचे नमुनेही तारा कापून घेतले. मला वाटलं, आता टेंपो येईल. पण धुळ्याचं दुकान अरुंद आहे, सगळी बटणं उजव्या बाजूतच दोन-दोन जाती एका खणात बसवायची, असं तो सुनंदाबाईला सांगत होता. जाताना त्यानं प्लायवूडवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

दुकान आता हितेंद्रनं भाड्यानं घेतलंय. तो मोबाइल दुरुस्त करतो. माझ्या खणांत बारीक स्क्रू आहेत, चार्जरच्या पिना आहेत. माणूस चांगला आहे; खण अडकू नयेत म्हणून त्यानं कडांना मेण लावलं. लोक येतात, फोनकडे बघत उभे राहतात, फोनकडे बघतच जातात. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि बघावं असं माझ्यावर काही उरलेलंही नाही.

भाऊ भेटले, बटणं भेटली. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. फक्त तुमच्यापैकी कोणी धुळ्याला जाणार असेल, तर दोन भावांच्या त्या अरुंद दुकानात डोकावून या. माझा निरोप द्यायची गरज नाही. उजवी बाजू भिंतीला कशी टेकवलीय, तिला ओल तर लागत नाही ना, एवढं बघा, आणि परत येताना इथं दोन मिनिटं थांबून मला सांगा.