एन्द्रेचं नाव यादीत नव्हतं

आमच्या फुटबॉल क्लबच्या श्रमदानाची यादी मी एक्केचाळीस वर्षं केली. वॅफल कुणी भाजायचे, कॉफी कुणी करायची, मार्चमध्ये मैदानावरचा बर्फ कुणी उपसायचा, मुलांच्या स्पर्धेआधी शौचालयं कुणी धुवायची. बेटावर साडेचारशे माणसं. डॉक्टर असो की पाद्री, पाळी कुणालाच चुकत नसे. महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी दुकानाच्या दारावर लागायची आणि लोक तिच्यासमोर उभे राहून माझ्या नावानं कुरकुरायचे.

एन्द्रे हेल्लान आमच्यातलाच. त्याच्या आईनं, तुरिदनं, आणि मी मासळीच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहून वीस वर्षं कॉड मासा कापला. आमचं मैदान तेव्हा खडीचं होतं, आणि एन्द्रेच्या गुडघ्यात रुतलेले खडे मी कितीदा सुईनं काढलेत. सतराव्या वर्षी तो बोटीनं गेला. मग डावा बचावपटू म्हणून अठरा वर्षं पगारावर खेळला. आधी मुख्य भूमीवर, नंतर डेन्मार्कात, शेवटी जर्मनीत. एवढ्या वर्षांत गोल केले तीन. देशाच्या संघातून चार सामने, त्यातल्या चौथ्यात शेवटची सात मिनिटं. तो सामना तुरिदनं आणि मी तिच्या सोफ्यावर बसून पाहिला. चेंडू त्याच्याकडे दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तुरिदनं डोळे मिटून घेतले.

"काय केलं गं त्यानं?"

"पास दिला."

"नीट?"

"नीट दिला, तुरिद."

पुढे त्याचा गुडघा गेला. पस्तिसाव्या वर्षी, सप्टेंबरात, तो परत आला आणि त्यानं आईचं घर उघडलं. तुरिदला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्हा सगळ्यांना आनंद झाला, पण आमच्याकडे आनंद झाला की माणसं जास्तच गप्प होतात. त्याला त्रास नको म्हणून कुणी दार वाजवलं नाही.

ऑक्टोबरची यादी करताना क्लबचा अध्यक्ष ओद्वार माझ्या स्वयंपाकघरात बसला होता.

"एन्द्रेला कुठं घालू?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुला? जर्मनीत खेळलेला माणूस तो. त्याला वॅफल भाजायला लावणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण? आपणच ना?"

"राहू दे गं राग्ना. दमून आलाय बिचारा."

मी पेन्सिल खाली ठेवली.

सगळा हिवाळा तसाच गेला. दुकानवाली मला सांगायची, एन्द्रे दूध घ्यायला येतो, यादीपुढे उभा राहतो, वरपासून खालपर्यंत वाचतो. मला वाटे, वाचत असेल कौतुकानं.

मार्च संपता संपता एका गुरुवारी मुख्य भूमीवरून घरांचा दलाल आला आणि तुरिदच्या घराचे फोटो काढायला लागला. मी माशाचे वडे डब्यात भरले आणि गेले. एन्द्रे आईचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

"घर विकतोयस?"

"हो मावशी. दलाल शनिवारच्या बोटीनं परत जाईल, चावी त्याच्याकडे आत्ताच दिलीय."

"का रे?"

त्यानं एक कप गुंडाळून खोक्यात ठेवला. "कारखान्यात ते तमिळ कुटुंब आलं, त्यांचं नाव तीन आठवड्यांत यादीत लागलं. दंतवैद्य आठवड्यातून दोन दिवस येतो, त्याचं आहे. म्हाताऱ्या पेडरचं आहे, आणि त्याला तर दिसतसुद्धा नाही."

"पेडर कप पुसतो. हाताला बरोबर कळतं त्याच्या."

"कळत असेल. मी सहा याद्या वाचल्या, मावशी. आधी वाटलं, विसरलात. मग लक्षात आलं. क्लबच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सामन्याला मी आलो नाही, ते तुमच्या मनातून गेलेलं नाही."

नाही रे, तुझा मान ठेवायचा म्हणून नाव घातलं नाही, हे ओद्वारचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला तो दिवस आठवला. एन्द्रेचा जुना शर्ट मी इस्त्री करून ठेवला होता. पाहुण्यांच्या रांगेत मधली खुर्ची त्याची. सकाळी फोन आला की तो येत नाही. ती खुर्ची तुरिदनं स्वतः उचलून भिंतीला लावली, दुसऱ्या कुणाला उचलावी लागू नये म्हणून. मी तेव्हा काही बोलले नव्हते. आणि ऑक्टोबरात ओद्वार राहू दे म्हणाला, तेव्हा मी किती पटकन पेन्सिल ठेवली! एरवी मी ओद्वारचं कधी ऐकलंय?

"होतं मनात," मी म्हटलं. "बाकीच्यांच्या नाही. माझ्या."

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"तिकडच्या क्लबनं सोडलं नाही गं मला. भांडलो मी. दंडसुद्धा झाला."

"मला कुठं माहीत? तू बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

मुलांच्या स्पर्धेची यादी माझ्या पिशवीतच होती. ती मी टेबलावर पसरली. "वॅफलला माणसं झाली. कॉफीलाही झाली. शौचालयं उरलीत, शनिवारी सकाळी आठ वाजता."

"कुणाबरोबर?"

"ओद्वारबरोबर."

"अरे देवा! तो बोलून बोलून जीव घेईल माझा."

"पाळी बदलायची असेल तर बदली माणूस आपला आपण शोधायचा. नियम सगळ्यांना सारखा."

मी नाव लिहिलं. घराविषयी तो काही बोलला नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. वडे ठेवून मी निघाले.

शनिवारी आठ वाजले. ओद्वार बादली घेऊन शौचालयाच्या दारात उभा. आठ वाजून दहा मिनिटं झाली. सव्वा आठला धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, आणि मी यादीवरच्या नावांकडे बघत राहिले. एकही नाव वाचता येईना.

आठ वीसला एन्द्रे चढावावरून लंगडत वर आला. हातात तुरिदचे पिवळे रबरी हातमोजे.

"वीस मिनिटं उशीर!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "जर्मनीत चालत असेल हे. इथं आठ म्हणजे आठ!"

वॅफल भाजणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. ओद्वारचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एन्द्रे कानापर्यंत लाल झाला.

"चुकलो मावशी. धक्क्यावर गेलो होतो. दलालाकडून चावी परत घ्यायची होती."

"मग ती आधी घ्यायची," मी म्हटलं. "जा, पोरांची बोट दहाला येईल."

तो हातमोजे चढवत आत गेला. पाठोपाठ ओद्वारही गेला आणि लगेच त्याची बडबड सुरू झाली, जर्मनीत गवत म्हणे कसलं असतं. मी कॉफीच्या किटल्या मोजायला वळले. पाचच किटल्या होत्या, पण मी त्या तीनदा मोजल्या.