अकरा खराब नोंदी

धम्मपाल पगारेंनी नवव्यांदा एंटर दाबलं आणि संगणकाने नवव्यांदा तेच उत्तर दिलं. तपासणी पूर्ण. खराब नोंदी अकरा. बाजूला काढल्या.

"अरे, पण खराब म्हणजे काय खराब? सांगशील की नाही?"

संगणक तीस वर्षांचा. त्याला माळ्यावरून उतरवताना सकाळीच त्यांच्या कमरेत उसण भरली होती. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी उपनगरातल्या याच खोलीत तो टेलिफोनच्या तारेला जोडून दिवसरात्र चालू असायचा. पगारे टेलिफोन खात्यात, त्यामुळे घरात दुसरी लाईन यायला अडचण नव्हती. नाशिक आणि आसपासचे चाळीसेक हौशी लोक आपल्या संगणकावरून या नंबरला फोन लावायचे, एका वेळी एकच जण, आणि निरोप वाचून-ठेवून बाजूला व्हायचे. सगळे त्याला 'फळा' म्हणायचे.

आज संध्याकाळी सहाला या फळेकऱ्यांचं संमेलन होतं आणि पगारेंनी जीभ सैल सोडून कबूल केलं होतं की पुंजाभाऊंचे निरोप वाचून दाखवतो.

पुंजाभाऊंना कधी कोणी पाहिलं नव्हतं. कोणी म्हणे दिंडोरीचे द्राक्षवाले, कोणी म्हणे निवृत्त तहसीलदार. फळ्यावर भांडण पेटलं की हा माणूस चार ओळी लिहायचा आणि दोन्ही बाजू गप्प व्हायच्या. बदलीची धास्ती, वडिलांचं आजारपण, जे पगारेंनी कोणाला सांगितलं नाही ते पुंजाभाऊंना लिहिलं होतं. असा मित्र अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर एकाएकी लिहायचा थांबला. ना भांडण, ना निरोप. आपलं काय चुकलं, हे कोडं पगारेंना सत्तावीस वर्षं सुटलं नव्हतं. या अकरा नोंदी त्याच सुमाराच्या होत्या, म्हणून तर एवढी तडफड.

मोबाईल वाजला. भारत. मालेगावचा, फळ्याचा सगळ्यात जुना सभासद.

"काय भो, निघाले का पुंजाभाऊ?"

"दिवाळीनंतर बाजूला पडलेल्या नोंदींची फाईल उघडत नाही रे. तपासणीचा प्रोग्राम दर वेळी त्याच अकरा नोंदी बाहेर फेकतो."

"प्रोग्राम तूच लिहिला ना? मग आता तुलाच नाय समजत?"

"ठेव फोन."

"ठेवतो. पण चांदवड सोडलंय मी. पुंजाभाऊंशिवाय मजा नाय, सांगून ठेवतो."

पगारेंनी टेबलावर मूठ आपटली. दार ढकलून ललिता आत आली. बाहेरच्या खोलीत तिची रविवारची शिकवणी चालू होती. पंचवीस वर्षं ती त्या खोलीत मुलांना शिकवत आली होती.

"अहो, जरा हळू. तुमच्या आरडाओरड्यात मुलं सतराचा पाढा विसरली. आणि जेवायचं काय?"

"नंतर. इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"कशापायी?"

"पुंजाभाऊ. तुला नाही कळायचं."

ललिताने टेबलावरचा उष्टा कप उचलला. तो हातात घेऊन ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

आपण लिहिलेला प्रोग्राम आपणच वाचावा लागणं म्हणजे आपलं जुनं हस्ताक्षर दुसऱ्याकडून लावून घेण्यासारखं. पगारेंनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ खाली सरकू लागले. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्यांनी हा प्रोग्राम बसवला होता. लाईनवर खरखर झाली की फाईलमध्ये कचरा शिरायचा. आदल्या दिवसाच्या नव्या नोंदींतला तो कचरा रोज पहाटे आपोआप झाडून वेगळ्या फाईलमध्ये टाकला जावा, म्हणून.

विसाव्या ओळीपाशी ते थांबले. प्रत्येक निरोपाबरोबर फोनवरून जोडणी किती वेगाने झाली त्याचा आकडा साठवला जायचा. आकडा शून्य असेल तर नोंद खराब समजून काढून टाकावी, असं तिथे लिहिलं होतं. शेजारी त्यांचीच टीप होती: 'शून्य म्हणजे फोनशिवाय, थेट घरच्या की-बोर्डवरून. तिथे माझ्याशिवाय कोणी बसत नाही. माझ्या नावाच्या नोंदी यातून वगळल्या आहेत.'

त्यांनी ती ओळ काढली आणि एंटर दाबलं. अकराच्या अकरा नोंदी उघडल्या. सगळ्या पुंजाभाऊंच्या.

आता पुंजाभाऊ आपल्या घरात कधी येऊन बसले? पगारेंना स्वतःचाच राग आला. नक्की दुसरीकडे काहीतरी बिघाड असणार. त्यांनी पुंजाभाऊंचे त्याआधीचे निरोप काढून पाहिले. तिथेही शून्य. तीन वर्षं, नुसती शून्यं. वेळ बघावी तर दुपारी दोन ते चार, आणि तीही पगारेंची ड्युटी असायची त्याच दिवशी. तेव्हा या घरात माणसं तीन. त्यातला मुलगा सार्थक जेमतेम तीन-चार वर्षांचा. राहता राहिली टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली ललिता.

त्यांनी पहिली नोंद वाचली. निरोप रोमन लिपीत होता, मराठी मात्र स्वच्छ.

'साहेब, ओळखीच्या एका बाईंना वणीच्या शाळेतून बोलावणं आलं आहे. डी.एड. होऊन सात वर्षं घरी आहेत. मालक घरी असले की लाईनवर असतात, बोलणं होत नाही. तुमचा सल्ला काय?'

मग, 'साहेब, निरोप मिळाला का?' मग पुन्हा तेच. मग, 'शाळेने शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. तुम्ही जा म्हणालात तर बाई जातील.'

शेवटची नोंद दोन ओळींची होती.

'शनिवार गेला. तुम्ही बोलला नाहीत, त्याअर्थी नको असेल. बाईंनी नाही कळवलं. तब्येतीला जपा. पुंजा.'

पगारेंना लिफाफा आठवला. "अहो, वणीहून आलंय," म्हणत ती या दाराशी उभी होती. त्यांनी वळूनही न बघता हात वर केला होता. थांब, लाईनवर माणूस आहे. आणि रोज पहाटे 'खराब नोंद एक, काढली' असं वाचून ते खूश व्हायचे, प्रोग्राम चोख चाललाय म्हणून.

ललिता ताट घेऊन आली. तिला पडदा वाचायला वेळ लागला नाही.

"हे मला पोचलेच नाहीत," पगारे म्हणाले. "माझ्याच प्रोग्रामने काढून टाकले. खराब म्हणून."

"मला वाटलं, वाचले असतील."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"उत्तर नाही, हे उत्तरच झालं की."

तिने ताट टेबलावर ठेवलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. ललिता सवयीने मागे सरली आणि दाराकडे वळली.

"घ्या," ती म्हणाली, "लाईनवर माणूस आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर पगारेंना बरं वाटलं असतं. त्यांनी मोबाईल उचलला नाही. वाजून वाजून तो गप्प झाला.

"ललिता, बस. मला विचार."

"काय विचारू?"

"वणीचं."

तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. बाहेर मुलांनी सतराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून धरला होता आणि सतरा साते एकशेएकोणीसवर ती अडली होती.

"मुलं बसलीत," ती म्हणाली. "चारला सुटतील. तेव्हा विचारते."

साडेतीन वाजले होते. पगारेंनी मोबाईल बंद केला, दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि चार वाजायची वाट बघत बसले.