उलट्या बाजूच्या गाठी

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये सासूबाई पहिल्यांदाच गोधडी शिवायला शिकवणार होत्या. घरात नुसता पसारा. पलंगावर कापडाचे तुकडे, खुर्चीवर अस्तर, चहाच्या कपात सुया. वाचनालयात त्यांनी परस्पर सांगूनही टाकलं होतं, "सून असेल सोबत. मागे बसलेल्यांना ती दाखवेल."

सून हरखली होती. नवऱ्याने चिडवलं, "आता मास्तरीणबाई म्हणायचं का?"

"म्हण की. पण हात जोडून!"

रंगीत तालीम म्हणून ती धावदोरा घालायला बसली. ओळ सापासारखी वळवळत गेली. उसवली, पुन्हा घातली. तीच गत.

"असं कसं? आपल्या दोघींच्या त्या मोठ्या गोधडीवर तर किती सरळ आलेत माझे टाके!"

"उद्याच्या धास्तीनं हात थरथरतोय," सासूबाई म्हणाल्या. सवय असली की खोटं असं पटकन सुचतं.

नमुन्याला काढलेली मोठी गोधडी सुनेने ओढली आणि उलटी केली. सून गाठ मारायची ती वाटाण्याएवढी, मागच्या बाजूला, राजरोस. सासूबाई गाठ थरांच्या आत दडवायच्या. तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवला. एकही गाठ लागली नाही.

"आई, माझे टाके कुठेत?"

कुठे असणार! ती कामावर गेली की या बाई ब्लेड घेऊन बसायच्या, तिची ओळ उसवायच्या आणि आपली घालायच्या. संध्याकाळी वर म्हणायच्या, "बघ, बसला तुझा हात." याला त्या माया म्हणत. माया कसली डोंबलाची! आपल्या गोधडीत दुसरीचा वाकडा टाका खपत नव्हता आणि तोंडावर सांगायची धमक नव्हती.

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आता फार बरं वाटतंय," सून म्हणाली. "ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवलेत मी. ही ओळ माझी, ती ओळ माझी."

सासूबाईंच्या कानशिलांना चटके बसत होते. मान वर होईना. "उद्या तू नको येऊस. बरं नाही म्हणून सांगते मी."

"परत खोटं? येणार मी. पण शिकायला, पहिल्या रांगेत. आणि ही गोधडी कोणी शिवली असं कोणी विचारलं, तर तुम्हीच सांगायचं. सगळं."

"चारचौघींत?"

"मग? ते फोटो काय मी एकटीच बघत बसले होते?"

सासूबाई तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवू लागल्या. "ही गोधडी..." पुढचा शब्द जिभेवर येईना. सून समोरून हलली नाही.

"मोठ्यानं, आई. हॉल मोठा आहे."