सतरा नंबरचं चाक

२१ जानेवारी. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन, वारा नाही.

हे मी पाहिलेलं नाही. आमच्या खोलीला खिडकीच नाही. पण पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका सकाळी आले की आधी आपल्या जाड वहीत तारीख आणि हवा लिहितात, लिहिताना मोठ्यानं म्हणतात. बाहेरचं जग मला ठाऊक आहे ते तेवढंच. मी प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर बोलतोय. नंबर सतरा.

जन्म शेजारच्या खोलीतला. आम्ही अकरा भावंडं. आई आठवते ती फक्त ऊब म्हणून. थोडा मोठा झालो तशी शेपटीवर निळ्या शाईचे पट्टे ओढून मला या पिंजऱ्यात एकट्याला ठेवलं. खाली भुसा, वर पाण्याची बाटली, शेजारी अठरा नंबर. अठरा शांत स्वभावाचा. खायचं आणि पसरायचं. मला मात्र पहिल्या दिवसापासून चैन नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चार उड्या, की पुन्हा परत.

प्रयोग ताईंचा. त्या इथं संशोधन करतात. चोवीस उंदीर, दहा आठवडे, सगळ्यांना चरबीनं थबथबलेलं खाद्य. त्यात धान्यावर बुरशी वाढवून केलेली पूड. बारा जणांना ती तशीच, आतली एन्झाइम जिवंत असलेली. बारा जणांना तीच पूड उकळून, एन्झाइम मारलेली. इतकं तुपकट खाऊनही बुरशीनं आंबवलेलं अन्न वजन आणि यकृतावरची चरबी रोखतं का, हे ताईंना बघायचं होतं. काकांनी खाद्याच्या दोन डब्यांना नावं दिली, 'चालू' आणि 'बंद'. माझं खाद्य चालू डब्यातलं.

"डबा चालू, आणि खाणारा त्याहून चालू," काका मला म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात मी गज चावायला लागलो. नाक सोलून निघालं, तरी थांबवेना.

"काय रे, कुठं जायचंय एवढं?" काकांनी विचारलं.

मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा मोठा गोल डबा आणला. कडा घासलेल्या, बुडाला मधोमध भोक. तारेनं तो गजांना अडकवला. मी आत शिरलो आणि डबा फिरला. मग मी थांबलोच नाही. ताई घरी गेल्या की चाक आत, सकाळी त्या यायच्या आधी बाहेर. अठरा तेवढा वैतागला.

दर सोमवारी वजन व्हायचं. बाकीचे फुगत गेले, मी नाही. ताई काट्यावरचा आकडा दोनदोनदा बघायच्या. काका तेव्हा भिंतीकडे बघायचे.

आज ताई यादी घेऊन आल्या. उद्या सगळ्यांची यकृतं काढायची.

"काका, सतराला सगळ्यात आधी घेऊ. तीनशे बहात्तर ग्रॅम! बाकीचे साडेचारशेच्या आसपास. याच्या यकृताचा फोटो प्रबंधाच्या पहिल्या पानावर."

काकांनी एकच बाटली तिसऱ्यांदा पुसली.

"ताई, हा खाऊन बारीक राहिलेला नाही. पळून राहिलाय."

"म्हणजे?"

त्यांनी वही पुढं केली. २३ नोव्हेंबर. ढगाळ. चाक ठेवलं संध्याकाळी ५.४०, काढलं सकाळी ७.१०. पुढच्या प्रत्येक पानावर तेच.

"आणि हे लिहूनही ठेवलंत?"

"हवा लिहितो, मग हे कसं नाही लिहिणार?"

"दहा आठवडे राबले मी, काका! तोंडचा घास काढलात माझ्या. आता गाईड सरांना कोण सांगणार?"

"मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधतो. नोकरी गेली तर गेली."

आमच्यात ही म्हण कुणी सहज उच्चारत नाही.

ताईंनी वही मिटली. मी गजांना धरून उभा. मग त्यांनी कागद ओढला आणि हिशेब मांडला. मला धरून दोन्ही डब्यांच्या सरासरी वजनात एकोणीस ग्रॅमचा फरक होता. मला सोडून बारा ग्रॅमच उरला.

"बाराच राहतात, काका."

"पण बारा खरे ना?"

"हो... खरे आहेत." त्यांनी लाल पेननं माझ्या नंबरावर रेघ मारली.

"मग याचं काय करायचं?"

"तो यादीत नाही आता. मला विचारू नका."

माणसांनो, आमच्या पोटात डोकावून तुम्ही आपलं ताट ठरवता. ठरवा. फक्त कुणी काय खाल्लं हे लिहाल, तेव्हा कोण धावत होतं तेही लिहा.

२२ जानेवारी. आभाळ स्वच्छ, गारठा. काकांना लेखी ताकीद. यकृतं: चालू डब्याची अकरा, बंद डब्याची बारा. रिकामे पिंजरे तेवीस. सतरा: वगळला. चाक ठेवलं ८.०५, काढलं नाही.