चार वेळा, मग दोन वेळा

“दादा, पोर डोळं उघडंना!” मागच्या सीटवरून लंकाबाई ओरडली.

मेकॅनिक कारभारीने बॉनेटखालून मान वर काढली नाही. प्लगची वायर उपसून तो ठिणगी बोटावर घेऊन बघत होता. गायधनी मास्तरांनी चावी फिरवली. इंजिन नुसतंच कुरकुरलं. बोटाला झटका बसला नाही. ठिणगीच येत नव्हती.

पहाटे पाड्यावर लंकाबाईच्या रोशनीला झोपेत मण्यार चावली होती. नऊ वर्षांची पोर. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, श्वास अडकायच्या आत नाशिकचं सिव्हिल गाठा. बाप ऑक्टोबर लागताच द्राक्षबागेच्या छाटणीला गेलेला. गावात गाडी एकच, शाळेच्या मास्तरांची, तीही जुनी विकत घेतलेली. ती घाट चढून आली आणि त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे बंद पडली. रस्त्यावरच्या चौघांनी ढकलत कारभारीच्या गॅरेजपुढे आणून सोडली. काळीपिवळी जीप निघून गेली होती, पुढच्या एसटीला तास होता.

“किती वेळ लागेल?” मास्तरांनी विचारलं.

“दिवा काय सांगतो ते बघतो.”

ही गाडी कार्बोरेटरची नव्हती, हिच्यात कॉम्प्युटर होता. बॉनेटखालच्या एका सॉकेटच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायचा. आधी दशकाचा आकडा, जरा थांबून एककाचा. त्या आकड्यावरून बिघाड कुठे ते कळायचं. अंबडच्या एका गॅरेजात आठवडाभर राहून कारभारी हे शिकला होता. सगळे आकडे त्याला तोंडपाठ होते.

त्याने पिना चाचपून वायर लावली आणि मास्तर उतरल्यावर स्टिअरिंगमागे येऊन बसला. दिव्याच्या जागी त्याला फक्त पिवळट धुरकट डाग दिसला. तो लुकलुकत होता की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले होते. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. कानाने आणि बोटांनी तो निभावून नेत होता.

“किती?” मास्तर खिडकीतून आत वाकले.

कारभारीने डोळे बारीक केले. “एक... चार. चौदा.”

चौदा म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो बिघडल्याने ठिणगी बंद होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी तो उठला, तो सेन्सर सोडवला, पुसला, परत बसवला. चावी फिरली. काही नाही. सहा मिनिटं गेली.

“थुंकी गिळंना झाली वो ती!” लंकाबाई पोरीच्या ओठांवरची लाळ पदराने पुसत होती. पोरीचा श्वास घरघरत होता.

कारभारीची बायको सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन खोपटातून धावत आली होती. तो तिच्याकडे वळला.

“सुला, तांब्या ठेव. गाडीत बस.”

“मी?”

“पिवळा दिवा कितीदा लागतो ते मोज. मला दिसत नाय.”

“उन्हामुळं?”

“उन्हामुळं नाय. वरीस झालं. दिसतच नाय.”

मास्तर ताठ उभे राहिले. “मग मघाशी चौदा म्हणालात ते?”

“अंदाजानं सांगितलं.”

“अंदाजानं? पोर मरतेय इथे, कारभारी!”

त्याने मान खाली घातली. सुलाबाई सीटवर बसली. दिव्याला दोन्ही हातांचा आडोसा केला.

“एक, दोन, तीन, चार. थांबला. एक, दोन. आता लय थांबला.”

“परत मोज.”

“चार. थांबला. दोन.”

“अजून एकदा.”

“तेच. चार, मग दोन.”

बेचाळीस! डिस्ट्रिब्युटरचा सेन्सर, तो बंद तर ठिणगी बंद. कारभारीने हात आत घातला. बोटं वायरीवरून सरकत गेली, पत्र्याच्या कडेपाशी थांबली. तिथं एक वायर आवरणाच्या आतल्या आत तुटली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती धड वाटली असती. त्याने दातांनी आवरण सोललं, टोकांना पीळ दिला, वरून टेप गुंडाळली. पीळ घट्ट बसला.

“सुला, उतर. मास्तर, मारा चावी!”

इंजिन एका दमात सुरू झालं. मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी नाशिकच्या दिशेने सुटली.

धूळ बसेपर्यंत दोघं रस्त्याकडेला उभी होती.

“वरीसभर?” सुलाबाईने विचारलं.

“हं.”

“मग दिवाळीला माझ्या लुगड्याचा रंग बरा हाय म्हनलात, ते?”

तिने त्याच्या ओठाला लागलेलं काळं पदराने पुसलं.

रोशनी चार दिवस श्वासाच्या मशीनवर होती. पाचव्या दिवशी ती आईशी बोलली. मास्तर मुद्दाम ही बातमी सांगायला गॅरेजात आले. निघताना म्हणाले, “पोर वाचली. तुमच्या हातांनीच वाचली. पण ती सहा मिनिटं मी विसरणार नाही, कारभारी.”

“मी बी नाय,” तो म्हणाला.

पोर वाचली हे आणि कारभारीला दिसत नाही हे, दोन्ही गावोगाव पोचलं, पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते दुसरंच. सुलाबाई दिवा मोजायला रोज गॅरेजात येऊन बसू लागली, तरी गाड्या येईनात. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार? होळीनंतर कारभारीने गॅरेज बंद करायचं ठरवलं. सिन्नरचा योगेश, तिथला एक तरुण मेकॅनिक, विकत घेतलेली हत्यारं न्यायला टेम्पो घेऊन आला.

“सगळे पाने मोजून घेतो, काका,” तो म्हणाला.

“घे.”

कारभारी पेटीपुढे उकिडवा बसला. एकेक पाना हातात घ्यायचा, अंगठ्याने त्याचं तोंड चाचपायचा आणि पुढे करायचा.

“दहा-अकरा... बारा-तेरा... हा सोळा-सतरा, याचं एक तोंड जरा झिजलंय, जपून वापर... हा आठ-नऊ.”

योगेश प्रत्येक पाना उजेडात धरून त्यावर कोरलेला आकडा वाचत होता. सात-आठ पाने झाल्यावर त्याने वाचणं सोडलं आणि तो कारभारीसमोर खाली बसून दोन्ही हातांनी पाने घेऊ लागला.